जुनी पोर्शे ९११ रोजच्या रस्त्यासाठी: कॅम्बर, कॅस्टर आणि टोचे आकडे कसे ठरवायचे

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना येणारे "म्हणजे", "काय म्हणतात ते" वगैरे काढून टाकलेत आणि आकडे जरा नीट मांडलेत. बाकी गप्पा तशाच.

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नावरून घेतलाय. हे गृहस्थ जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतात. त्यांच्याकडे पोर्शे ९११ कॅरेरा ३.२ आहे, १९८४ ते १९८९ या काळात बनलेल्यांपैकी. आठवड्यात दोनदा ए-८ वरून ऑफिसला जातात, आणि हवा चांगली असली की रविवारी ब्लॅक फॉरेस्टमधल्या बी-५०० रस्त्यावर, बाडेन-बाडेन ते फ्रॉयडनश्टाट. त्यांनी अलाइनमेंट करून घेतली, मशीनच्या कागदावर सगळे रकाने हिरवे आले. तरीही पावसात वळणावर पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की मागची बाजू हलते आणि पोटात गोळा येतो, असं ते लिहितात. प्रश्न असा: "आकडे बरोबर असतील तर गाडी अशी का वागते? आणि माझ्या वापरासाठी नक्की कोणते आकडे सांगू?"

प्रश्न फार चांगला आहे, कारण यात हौसेबरोबर जिवाचाही संबंध आहे. तर सुरुवातीपासून बघू.

ही गाडी मुळात कशी आहे

९११ चं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे टांगलेलं असतं. वजनाची वाटणी साधारण पुढे चाळीस टक्के, मागे साठ टक्के. वेग घेताना ही गोष्ट फायद्याची, कारण मागची चाकं रस्त्याला घट्ट चिकटतात. पण वळणात मधेच पाय उचलला की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि त्या जड शेपटीला सरळच जायचं असतं. ती बाहेर फेकली जाऊ पाहते. यालाच लिफ्ट-ऑफ ओव्हरस्टिअर म्हणतात.

पोर्शेला हे पहिल्यापासून माहीत होतं. साठच्या दशकातल्या काही गाड्यांच्या पुढच्या बंपरमध्ये त्यांनी चक्क वजनं बसवली होती, नाक जड व्हावं म्हणून. मग १९६९ च्या मॉडेलला मागची चाकं मागे सरकवली आणि व्हीलबेस २२११ मिलिमीटरवरून २२६८ वर नेला. ५७ मिलिमीटर म्हणजे चार बोटांपेक्षा कमी, पण स्वभावात चांगलाच फरक पडला.

कॅरेरा ३.२ ला टॉर्शन बार आहेत, पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही. त्यामुळे चाक रस्त्यावर कसं टेकतं याची प्रत्येक बातमी थेट तुमच्या हातात आणि पाठीत पोचते. अलाइनमेंट जरा इकडची तिकडे झाली तरी कळतं ते म्हणूनच.

तीन कोन, थोडक्यात

माहीत असलेल्यांनी हा भाग सोडला तरी चालेल.

कॅम्बर: गाडीसमोर उभं राहून चाकाकडे बघा. चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असेल तर निगेटिव्ह कॅम्बर, बाहेर झुकलेला असेल तर पॉझिटिव्ह.

टो: वरून बघितल्यासारखं करा. दोन्ही चाकांची पुढची टोकं एकमेकांकडे वळलेली असतील तर टो-इन, फाकलेली असतील तर टो-आउट. आपण उभे राहताना पायाचे अंगठे आत वळवतो किंवा फाकवतो ना, अगदी तसंच.

कॅस्टर: चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष बाजूने बघितला की मागे कललेला दिसतो. सायकलचा पुढचा फोर्क आठवा. या कलण्यामुळेच स्टिअरिंग सोडलं की आपोआप सरळ होतं.

हे कोन अंश आणि मिनिटांत मोजतात, ६० मिनिटं म्हणजे एक अंश. कागदावर ०°३०′ लिहिलं असेल तर तो अर्धा अंश. काही मशीन दशांशात छापतात, तिथे तेच ०.५० दिसेल. या दोन पद्धतींची सरमिसळ होऊन गोंधळ होतो, म्हणून गॅरेजात आधी विचारून घ्या.

सगळ्यात आधी मागचा टो

बहुतेक लोक पुढच्या चाकांबद्दल बोलतात, कारण स्टिअरिंग पुढे असतं. ९११ मध्ये विचार मागून सुरू करायचा.

मागचं चाक एका तिरक्या ट्रेलिंग आर्मवर बसलेलं असतं, आणि तो आर्म रबरी बुशवर फिरतो. पाय उचलला किंवा ब्रेक मारला की रस्ता चाकाला मागे ओढतो, बुश दबतो, आणि चाकाचं पुढचं टोक थोडं बाहेर वळतं. म्हणजे टो-आउट. मागच्या बाहेरच्या चाकाला टो-आउट मिळाला की ते चाक शेपटीला वळणाबाहेर न्यायला मदतच करतं. वजन पुढे सरकल्यामुळे मागचा भाग वर उचलला गेलेला असतो, त्यामुळे कॅम्बरही कमी झालेला असतो. तिन्ही गोष्टी एकाच क्षणी तुमच्या विरुद्ध जातात.

हा दोष एकट्या ९११ चा नाही, या प्रकारच्या सस्पेन्शनचाच आहे. म्हणून तर पोर्शेने १९७७ च्या ९२८ साठी वेगळी रचना केली, वायसाख ॲक्सल नावाची. तिच्यात पाय उचलल्यावर चाक उलट आत वळतं. जुन्या ९११ मध्ये ती सोय नाही, तेव्हा आपल्याला ती उधारी आधीच जमा करून ठेवावी लागते. गाडी उभी असतानाच मागच्या प्रत्येक चाकाला थोडा टो-इन द्यायचा, म्हणजे बुश दबल्यावरही चाक बाहेर वळत नाही.

किती? रस्त्यावरच्या गाडीला प्रत्येक मागच्या चाकाला साधारण १० मिनिटं. सोळा इंची रिमवर हे अंतर मोजलं तर चाकाच्या पुढच्या आणि मागच्या काठात सुमारे १.२ मिलिमीटरचा फरक येतो.

आता बघा, श्रोत्यांच्या कागदावर सगळं हिरवं का आलं. हिरवा रकाना म्हणजे आकडा ठरलेल्या मर्यादेत आहे, एवढंच. समजा मर्यादा शून्य ते २० मिनिटं आहे. एका चाकाला शून्य आणि दुसऱ्याला २० असेल, तरी दोन्ही रकाने हिरवे! पण अशी गाडी एका वळणात शहाण्यासारखी वागेल आणि दुसऱ्या वळणात घाबरवेल. शिवाय मागची चाकं मिळून ज्या दिशेला ढकलतात ती दिशा गाडीच्या मध्यरेषेवर राहत नाही. गाडी खेकड्यासारखी किंचित तिरकी चालते, आणि सरळ जाण्यासाठी स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं. म्हणून मर्यादेपेक्षा डावं-उजवं सारखं असणं महत्त्वाचं.

मग टो-इन भरपूर का देऊ नये? कारण टायर घासतो. चाक १० मिनिटं वळलेलं असेल तर एक किलोमीटर जाताना ते साधारण तीन मीटर आडवं घासतं. पूर्ण एक अंश असेल तर साडेसतरा मीटर! लोक आतल्या काठाच्या झिजेचं खापर कॅम्बरवर फोडतात, पण खरा खादाड बहुतेक वेळा टो असतो.

मग कॅम्बर

वळणात गाडी बाहेरच्या बाजूला कलते आणि टायरही बाहेरच्या काठावर उभा राहू पाहतो. आधीपासून थोडा निगेटिव्ह कॅम्बर असेल तर वळणात टायर सपाट टेकतो. पुढे स्ट्रट असल्यामुळे गाडी कलताना कॅम्बर फारसा भरून निघत नाही, त्यामुळे तो आधीच द्यावा लागतो.

या पिढीतल्या ९११ ला कारखान्याने पुढचा कॅम्बर शून्याच्या आसपासच ठेवला होता. ते टायर, ते रस्ते आणि नवखा चालक लक्षात घेता तो निर्णय सुज्ञ होता: पुढची पकड आधी संपते, गाडी नाकाने बाहेर सरकते, आणि माणूस सावध होतो. आजच्या टायरवर थोडा निगेटिव्ह कॅम्बर दिला तर नाक जास्त नेमकं वळतं.

पण इथे एक नियम पाळायचा. मागचा निगेटिव्ह कॅम्बर पुढच्यापेक्षा अर्धा अंश तरी जास्त ठेवायचा. वजन मागे आहे, पकड मागे हवी. पुढे भरपूर कॅम्बर देऊन मागे तसाच सोडला तर नाक इतकं धारदार होतं की शेपटीला सांभाळायची वेळ येते. वळण घेताना मजा येते, पावसात येत नाही.

जास्त कॅम्बरची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. सरळ जाताना टायर आतल्या काठावर चालतो, त्यामुळे ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना पूर्ण रुंदी कामाला येत नाही. आणि ट्रकनी पाडलेल्या चाकोऱ्यांमध्ये गाडी इकडेतिकडे ओढली जाते.

कॅस्टर आणि पुढचा टो

कॅस्टरच्या बाबतीत कारखान्याचा आकडा चांगलाच आहे: ६ अंश ५ मिनिटं, त्यात १५ मिनिटं इकडेतिकडे. यात गाडी सरळ धरून ठेवते आणि स्टिअरिंगही हाताला फार जड होत नाही. वळवताना बाहेरच्या चाकाला थोडा निगेटिव्ह कॅम्बर कॅस्टरमुळेच मिळतो, म्हणून तो कमी करू नका. वाढवलात तर पार्किंगमध्ये दंड थोपटावे लागतील, पॉवर स्टिअरिंग नाही हे विसरू नका. दोन्ही बाजू मात्र सारख्या हव्यात. ज्या बाजूला कॅस्टर कमी, त्या बाजूला गाडी ओढते.

पुढचा टो शून्य किंवा अगदी किंचित आत, प्रत्येक चाकाला ५ मिनिटांपर्यंत. हायवेवर हात शांत राहतात. रेसवाले कधीकधी पुढे टो-आउट देतात, वळायला गाडी चटकन तयार होते म्हणून. रस्त्यावर त्याचा उपयोग नाही, गाडी सतत काहीतरी शोधत असल्यासारखी भटकते.

तर आकडे असे

खालचे आकडे सुरुवात करायला आहेत. तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमधले आकडे शेजारी ठेवूनच वाचा. सगळीकडे कॅस्टर सहा अंशांच्या आसपास धरलाय.

बहुतेक प्रवास हायवेचा, पाऊस-थंडी धरून:
- पुढचा कॅम्बर −०°१५′ ते −०°३०′
- मागचा कॅम्बर −०°४५′ ते −१°
- पुढचा टो प्रत्येकी ५′ आत
- मागचा टो प्रत्येकी १०′ ते १५′ आत

हायवे आणि रविवारची वळणं, दोन्ही:
- पुढचा कॅम्बर −०°३०′ ते −०°४५′
- मागचा कॅम्बर −१°१५′ ते −१°३०′
- पुढचा टो शून्य ते प्रत्येकी ५′ आत
- मागचा टो प्रत्येकी १०′ आत

वळणंच वळणं, वर्षातून एखादा ट्रॅक-डे:
- पुढचा कॅम्बर −१° ते −१°१५′
- मागचा कॅम्बर −१°३०′ ते −१°४५′
- पुढचा टो शून्य
- मागचा टो प्रत्येकी १०′ आत

नीट बघा, तिन्ही यादीत मागचा टो १० मिनिटांच्या खाली गेलेला नाही. श्रोत्यांना मी मधली यादी सुचवेन, आणि हिवाळ्यातही गाडी काढत असतील तर पहिली.

मशीनवर चढवण्याआधी

अलाइनमेंट म्हणजे मोजमाप, आणि डुगडुगणाऱ्या पाटावर मोजमाप होत नाही. क्रम असा ठेवा.

पहिलं, झीज. ट्रेलिंग आर्मचे आणि स्प्रिंग प्लेटचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं, व्हील बेअरिंग हे सगळं तपासा. पस्तीस-चाळीस वर्षांचं रबर कडक झालेलं असतं किंवा फाटलेलं असतं. मागचा बुशच सैल असेल तर मशीनवर दिलेला १० मिनिटांचा टो-इन पहिल्याच ब्रेकला नाहीसा होतो. श्रोत्यांच्या गाडीत माझा पहिला संशय इथेच आहे, आकड्यांवर नंतर.

दुसरं, टायर. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. हौसेची गाडी कमी चालते, त्यामुळे नक्षी शिल्लक दिसते आणि रबर मात्र लाकूड झालेलं असतं. दहा वर्षांच्या टायरला कुठलीही अलाइनमेंट पावसात वाचवत नाही. हवाही तपासा. या गाडीत मागच्या टायरला पुढच्यापेक्षा साधारण अर्धा बार जास्त लागते.

तिसरं, उंची. उंची बदलली की सगळे कोन बदलतात, म्हणून ती आधी ठरवायची. अमेरिकेला गेलेल्या गाड्या बंपरच्या नियमांमुळे उंच ठेवलेल्या असायच्या, आणि पुढे कित्येकांनी त्या खाली बसवल्या. फार खाली बसवलेल्या गाडीत पुढचे टाय रॉड वरच्या दिशेला तिरके होतात, मग खड्ड्यावर चाक आपोआप वळतं. याला बंप स्टिअर म्हणतात. त्यावर स्टिअरिंग रॅकखाली स्पेसर घालतात, पण रस्त्यावरच्या गाडीला युरोपीय उंची ठेवणं सोपं आणि आरामाचंही.

चौथं, चारही कोपऱ्यांचं वजन. टॉर्शन बारमुळे प्रत्येक कोपरा वेगळा ताणता येतो. चार पायांचं टेबल जसं एका पायावर डुगडुगतं, तशी गाडीही दोन तिरप्या कोपऱ्यांवर जास्त भार टाकून उभी राहू शकते. बाहेरून काही दिसत नाही. जोरात ब्रेक मारला की दर वेळी पुढचं तेच एक चाक आधी लॉक होतं, ही त्याची एक खूण. चार वजनकाट्यांवर गाडी उभी करून, अँटी-रोल बारच्या लिंक सोडून, हा हिशेब जुळवतात. मागच्या टॉर्शन बारला आतल्या टोकाला ४० आणि बाहेरच्या टोकाला ४४ दाते असतात. दोन्ही एकेक दात फिरवले की ५० मिनिटांचा बारीक फरक मिळतो. काम किचकट आहे, पण जाणकाराच्या हातून एकदा झालं की वर्षानुवर्षं बघावं लागत नाही.

या सगळ्यानंतर कोन. मागचा कॅम्बर आणि टो आधी (हे दोन्ही एकमेकांना ओढतात, त्यामुळे दोन-तीन फेऱ्या होतात), मग पुढचा कॅस्टर आणि कॅम्बर, आणि शेवटी स्टिअरिंग सरळ बांधून पुढचा टो. पुढचा कॅम्बर हलवला की टो हलतो, म्हणून टो शेवटीच.

गॅरेजात काय सांगायचं

तोंडी सांगू नका, आकडे कागदावर लिहून न्या. अर्धी टाकी पेट्रोल ठेवा. चालकाच्या सीटवर तुमच्या वजनाइतका भार ठेवायला सांगा. आपल्या भाषेत बोलायचं तर सिमेंटचं दीड पोतं, म्हणजे ७५ किलो. गाडी जॅकवरून उतरवल्यावर चाकं आत ओढलेली राहतात, म्हणून ती थोडी पुढे-मागे ढकलून, दाबून बसवल्याशिवाय मोजू देऊ नका. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद मागून घ्या. रंगांकडे न बघता डाव्या-उजव्या आकड्यांत ५ ते १० मिनिटांपेक्षा जास्त फरक नाही ना, तेवढं बघा.

जुन्या मॅन्युअलबद्दल एक गोष्ट. काही तक्त्यांत पुढचा टो चाकं १५ किलोच्या जोराने दाबून मोजलेला असतो, सांध्यातली सैल जागा निघून जावी म्हणून. आजची मशीन तसं दाबत नाहीत. तो आकडा जसाच्या तसा टाकण्याआधी तळटीप वाचा.

दुसरी कुठली जुनी स्पोर्ट्स कार असेल तर आधी बघा की ती तुम्हाला काय बदलू देते. एमजीबीमध्ये मागे सरळ एकसंध ॲक्सल आहे आणि कारखान्याच्या रचनेत फक्त पुढचा टो बदलता येतो. तिथे कॅम्बर चुकीचा आला तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय, एवढाच अर्थ.

नंतर रस्त्यावर

पहिली चाचणी कोरड्या, रिकाम्या, सपाट रस्त्यावर. स्टिअरिंग सरळ आहे का? हात सैल सोडले तर गाडी कुठे जाते? रस्ता कडेला उतरता असतो, तेव्हा त्या बाजूला किंचित जाणं स्वाभाविक आहे.

मग काही शे किलोमीटरनंतर टायरवरून तळहात फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो अजून चुकतोय. डोळ्यांना झीज दिसायच्या कितीतरी आधी हाताला कळते. पुढे काही बदलायचं झालं तर एका वेळी एकच कोन, तोही १० मिनिटांनी, आणि तारखेसकट वहीत नोंद.

आणि आमच्या श्रोत्यांना एवढंच: बुश बघून होईपर्यंत पावसात गाडी काढावी लागली तर वेग वळणाआधी कमी करा, आणि वळणात पाय हलका पण ठाम ठेवा. ब्रेकचं काम सरळ रस्त्यावरच संपवायचं. ही सवय पुढे सगळे आकडे जुळल्यावरही सोडू नका.

पुढच्या भागात याच गाडीचे शॉक ॲब्सॉर्बर घेऊ: कधी बदलायचे, आणि कडक म्हणजे चांगले असं का नसतं. प्रश्न पाठवत राहा. भेटू!